चौराह्यावर संपणारा सायकल ट्रॅक नको

माननीय महापौर, माननीय आयुक्त आणि लोककर्म विभागातील सर्व अभियंते,
नगर निगम, इंदूर

सप्रेम नमस्कार.

ए. बी. रोडवरचा बीआरटीएस, म्हणजे रस्त्याच्या मधोमध फक्त बससाठी राखलेल्या लेनचा मार्ग, आता जातो आहे. निरंजनपूरपासून राजीव गांधी चौराह्यापर्यंतचा साधारण साडेअकरा किलोमीटरचा हा कॉरिडॉर 2013 च्या मे महिन्यात सुरू झाला होता आणि 2025 च्या फेब्रुवारीत उच्च न्यायालयाने तो काढायला मंजुरी दिली. तो असावा की नसावा, यावर शहरात भरपूर बोलून झालं आहे. तो वाद मला उकरून काढायचा नाही. माझा विषय त्याच्यापुढचा आहे. मधली जागा मोकळी झाली की रस्त्याची आखणी नव्याने होणार. लेन किती, दुभाजक कुठे, बस कुठे थांबणार, हे सगळं पुन्हा कागदावर ठरणार. इतक्या मोठ्या रस्त्याचा आराखडा नव्याने काढायची वेळ एका पिढीत एकदाच येते. त्या कागदावर सायकलवाल्यांना जागा मिळावी आणि ती जागा चौराह्याच्या अलीकडे संपू नये, यासाठी हे पत्र लिहितो आहे.

मी पेशाने ड्राफ्ट्समन आहे. रस्त्यांचे आराखडे काढण्यात माझी बरीच वर्षं गेली, आणि त्यामुळे सायकल ट्रॅक कुठे बिघडतो ते मी टेबलावर बसून पाहिलं आहे. रस्त्याचं काम हाती आलं की सगळ्यात आधी क्रॉस सेक्शन निघतं, म्हणजे रस्ता आडवा कापला तर कसा दिसेल ते चित्र. मध्ये दुभाजक, दोन्ही बाजूंना लेन, मग ट्रॅक, मग फुटपाथ, मग झाडं. हे चित्र दोन चौराह्यांच्या मधल्या सरळ भागाचं असतं. तिथे रुंदी पुरते, सगळं छान बसतं. सादरीकरणात हेच चित्र दाखवतात, मंजुरीही यालाच मिळते. चौराह्याचा तपशील नंतर निघतो, बहुतेक वेळा घाईत. तिथे सिग्नलसाठी एक लेन वाढवावी लागते, डावीकडे वळणाऱ्या गाड्यांना मोकळी वाट द्यावी लागते, विजेचा डबा असतो, पोलीस चौकी असते. जागा कमी पडली की सगळ्यात आधी काय कापलं जातं? ट्रॅक. चौकाच्या तीस-चाळीस मीटर अलीकडे त्याची रेघ थांबते आणि पुढे कोरा कागद.

सायकलवाल्याला खरा धोका तिथेच असतो. सरळ रस्त्यावर मागून येणारी गाडी त्याला बघून थोडी बाजूने जाऊ शकते. चौकात मात्र त्याची आणि गाडीची वाट एकमेकांना कापते. सकाळी भंवरकुआं चौराह्यावर दहा मिनिटं उभं राहून पाहा. कोचिंगला निघालेली एखादी मुलगी डाव्या कडेने येते आहे, पाठीवर दप्तर, तिला सरळ जायचं आहे. तिच्या उजव्या बाजूने बस येते, बसला डावीकडे वळायचं आहे. बसचं पुढचं तोंड तिच्या पुढून वळतं आणि मागची चाकं तिच्या बाजूला सरकत येतात, कारण लांब गाडी वळताना मागची चाकं नेहमी आतून जातात. ड्रायव्हरला ती आरशात दिसत नाही. तिच्या डावीकडे कर्ब, म्हणजे फुटपाथची उंच कड, उजवीकडे बसचा पत्रा. मी पाहिलं त्या दिवशी ती उडी मारून फुटपाथवर चढली आणि सायकल खाली पडली. बस थांबलीही नाही. बहुधा ड्रायव्हरला कळलंच नसावं. त्या मुलीची काही चूक नव्हती आणि ड्रायव्हरचीही फार नव्हती. तो कोपरा तसाच काढलेला आहे.

म्हणून माझी पहिली मागणी कामाच्या क्रमाबद्दल आहे. या वेळी आधी चौराहे काढा. विजयनगर, एलआयजी, पलासिया, गीता भवन, नवलखा, भंवरकुआं, यांचे तपशीलवार आराखडे पहिल्यांदा होऊ द्यात आणि त्यातून उरेल ते माप मधल्या सरळ भागाला द्या. सरळ भागात एखादी लेन थोडी अरुंद झाली तर वाहतूक चालते. चौकात ट्रॅक तुटला तर अर्ध्यावर संपणाऱ्या जिन्यासारखी त्याची गत होते. त्यावर कोणी चढत नाही.

चौक कसा असावा, हे नव्याने शोधायला नको. नेदरलँड्सने यावर अनेक दशकं काम केलं आहे. 1971 मध्ये त्या छोट्या देशात तीन हजारांहून अधिक माणसं रस्त्यावर मेली, त्यांत चारशेच्या वर मुलं होती. आईबाप रस्त्यावर उतरले, आणि तिथून त्या देशाच्या रस्त्यांचं वळण बदलत गेलं. त्यांच्या चौकातली मुख्य युक्ती अगदी साधी आहे. कोपऱ्यावर एक छोटं बेट ठेवायचं आणि सायकलची ओलांडणी मुख्य रस्त्यापासून एका मोटारीच्या लांबीइतकी, म्हणजे पाच-सहा मीटर, आत घ्यायची. मग डावीकडे वळणारी गाडी आधी पूर्ण वळते आणि ओलांडणीपाशी पोचते तेव्हा सायकलवाला तिच्या अगदी समोर असतो. आरशात शोधावं लागत नाही. गाडी तिथे थांबली तरी मागच्या गाड्या अडत नाहीत. बेटामुळे कोपरा टोकदार होतो आणि वळताना वेग आपोआप उतरतो. उजवीकडे जाणाऱ्या सायकलवाल्यालाही गाड्यांच्या मधून लेन कापत जायची गरज उरत नाही: आधी सरळ पलीकडे जायचं, त्या कोपऱ्यावर थांबायचं, दुसरा सिग्नल लागला की पुढे.

इथे मला ठाऊक आहे की आपल्या शहरात नेमकी उलटी मागणी होत असते. डावं वळण मोकळं करा, कोपरा गोल करा, गाडी थांबायलाच नको. गाडीत बसलेल्या माणसाला ते सोयीचं वाटतं, हे मान्य. पण मोकळं डावं वळण म्हणजे ज्या ठिकाणी पायी माणूस आणि सायकलवाला रस्ता ओलांडतो, तिथेच गाडी न थांबता येणार. वेग दुप्पट झाला की धडकेतली ऊर्जा चौपट होते. ताशी 30 किलोमीटरने आलेल्या गाडीखाली आलेला माणूस बहुतेकदा घरी परत जातो. 60 ने आलेल्या गाडीखाली आलेला बहुतेकदा जात नाही. जिथे डावं वळण मोकळं ठेवायचंच असेल, तिथे निदान ओलांडणी फुटपाथच्या उंचीला उचलून घ्या. गाडीने चढून उतरायचं, सायकलने सपाट जायचं.

आता जागेबद्दल. दोन्ही दिशांच्या बस लेन मिळून सात मीटरच्या आसपास रुंदी मोकळी होते. ती सगळी गाड्यांना दिली तर काही महिन्यांत तीही भरेल. रुंद केलेल्या रस्त्यांचं जगभर हेच झालं आहे. त्यातले पाच मीटर सायकलला द्या, प्रत्येक बाजूला अडीच, आणि उरलेले दोन मीटर ट्रॅक आणि लेन यांच्यामधल्या पट्टीला, बाजूला एकेक मीटर. एका दिशेच्या ट्रॅकला दोन मीटर पुरतात असं सहसा मानतात. मी अडीच मागतो त्याला कारण आहे. या रस्त्यावर दुभाजक ओलांडायच्या जागा लांब लांब आहेत, म्हणून माणसं थोडं अंतर उलट्या दिशेने येणारच. दुधाच्या कॅन दोन्ही बाजूंना लटकवलेली सायकल समोरून आली तर दोन मीटरमध्ये एकाला खाली उतरावं लागतं.

आणखी एक गोष्ट आताच ठरवायला हवी, कारण नंतर ती सुधारता येत नाही. बीआरटीएसमध्ये बस रस्त्याच्या मधोमध थांबायची. आता ती डाव्या कडेला थांबणार. म्हणजे आजवर सायकलवाल्याच्या वाटेत नसलेली बस दर पाच-सातशे मीटरवर त्याच्या अंगावर येणार, आणि उतरणारे प्रवासीही. यावर एकच इलाज आहे: थांब्याचा फलाट ट्रॅक आणि लेन यांच्यामध्ये ठेवायचा आणि ट्रॅक थांब्याच्या मागून न्यायचा. फलाट आणि फुटपाथ यांच्यामध्ये ट्रॅक थोडा उंचावून घेतला, तिथे झेब्रा पट्टे दिले, की सायकलवाला हळू होतो आणि म्हातारी माणसं निर्धास्त बसमध्ये चढतात. यासाठी थांब्यापाशी तीन मीटर जादा लागतात. ते आज आराखड्यात धरले नाहीत तर फलाट ट्रॅकवरच येऊन बसेल, मग आंदोलन करूनही तो हलणार नाही.

बीआरटीएसच्या मूळ आराखड्यातही सायकल ट्रॅक होता. तो कुठे कुठे झालाही आणि जिथे झाला तिथे गाड्या उभ्या राहिल्या, ठेले लागले. त्यावरून आता म्हणतात की इंदूरमध्ये सायकल ट्रॅक चालत नाही. माझं म्हणणं, आपण ट्रॅक पुरता बांधलाच नाही. पार्किंगची जागा कुठेच आखली नव्हती, मग माणसं समोर दिसेल त्या सपाट जागी गाडी लावतात. पार्किंग ट्रॅकच्या आणि लेनच्या मध्ये आखून द्या, दार उघडायला पाऊण मीटर सोडा, तर तीच उभी गाडी सायकलवाल्याची भिंत होते. ठेलेवाल्यांनाही फुटपाथच्या कडेला ठराविक जागा हवी. पोहेवाल्याला हटवून ट्रॅक वाचत नाही. आठवड्याने तो परत येतो, आणि त्याने यायलाच हवं, सायकलवरून येणारा मजूर त्याच्याकडेच नाश्ता करतो.

मोटारसायकली ट्रॅकवर चढतात, ही तक्रार मात्र खरी आहे. दिल्लीत आंबेडकर नगर ते मूलचंद हा बीआरटी मार्ग 2008 मध्ये सुरू झाला तेव्हा त्याच्या कडेला सायकल ट्रॅक होता आणि त्यावर मोटारसायकली सर्रास चालायच्या. खुंट लावून हे थांबत नाही. व्हीलचेअर जायला जी फट ठेवावी लागते, तिच्यातून स्कूटरही जाते. खुंट मोटारी अडवायला उपयोगी, त्यासाठी दीड मीटरची फट पुरे. मोटारसायकलवाला ट्रॅकवर का येतो? चौकात रांग लागलेली असते आणि ट्रॅक त्याला थेट पुढे नेऊन मुख्य रस्त्यात परत सोडतो. चौकातला ट्रॅक मुख्य रस्त्यापासून आत वळवून नेला, त्याच्या तोंडाशी बेट आलं, की त्याला पुढे घुसायची वाट राहत नाही आणि मोह बराच कमी होतो. बाकी पोलिसांनी पाहायचं. पहिले तीन महिने कडक राहिलं तर सवय लागते. हे मी आशेने बोलत नाही. सुका आणि ओला कचरा इंदूरकर वेगळा करतील, यावर दहा वर्षांपूर्वी कोणाचा विश्वास होता? 2017 पासून स्वच्छतेत आपण सतत पहिले आलो ते रोज पहाटे गाडी दारात आली म्हणून, आणि ज्याने कचरा मिसळला त्याला निगमाच्या माणसाने तिथेच टोकलं म्हणून.

आता काही बारीक गोष्टी, ज्या टेंडरच्या कागदात लिहिल्या नाहीत तर ठेकेदार करत नाही. पावसाच्या पाण्याच्या जाळ्या. त्यांच्या फटी रस्त्याच्या दिशेने असल्या तर सायकलचं बारीक चाक सरळ आत जातं आणि माणूस हॅंडलवरून पुढे फेकला जातो. फटी आडव्या हव्यात, बस. चेंबरची झाकणं ट्रॅकच्या पातळीला आणि शक्यतो ट्रॅकच्या बाहेर. पेव्हर ब्लॉक नको. दोन पावसाळ्यांत ते खचतात आणि सायकलला त्यांचा हादरा मनगटापर्यंत लागतो. डांबर किंवा सलग काँक्रीट घाला. सगळ्या ट्रॅकला रंग फासण्यात पैसे घालवू नका, गुळगुळीत रंग पावसात निसरडा होतो. ओलांडणीपुरता खरखरीत रंग द्या. दुकानांच्या आणि बंगल्यांच्या फाटकापाशी ट्रॅक खाली-वर होऊ नये. उतार ट्रॅकच्या बाहेर, कर्बच्या पट्टीत द्यायचा आणि ट्रॅक एका पातळीत पुढे जायचा. दर वीस मीटरला चढउतार आला की सायकलवाला वैतागून मुख्य रस्त्यावर उतरतो आणि मग आपण म्हणतो, ट्रॅक असून हे वापरत नाहीत. रात्रीचे दिवे ट्रॅकवर पडावेत. आजचे खांब गाड्यांच्या लेनकडे तोंड करून आहेत आणि झाडाखालचा कडेचा भाग काळोखात असतो. संध्याकाळी क्लासवरून किंवा कामावरून परतणाऱ्या मुली याच कारणाने सायकल सोडतात, हे मी माझ्या आजूबाजूच्या घरांत पाहतो.

उन्हाचं काय, असं विचारणाऱ्यांना मी स्पेनमधल्या सेव्हिल शहराकडे बघायला सांगेन. तिथेही उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर जातो. 2006 नंतर अवघ्या काही वर्षांत त्या शहराने सुमारे 80 किलोमीटरचं सलग जाळं केलं, त्यासाठी बरीच जागा पार्किंगमधून काढली, आणि जिथे सायकल जवळजवळ दिसत नव्हती तिथे ती रोजचं वाहन झाली. एकेक तुकडा न करता जोडलेलं जाळं केलं, हे त्याचं मुख्य कारण. माळव्यात तर सकाळ-संध्याकाळ हवा बरी असते आणि आपल्याकडे कडुनिंब आहे. ट्रॅकच्या पट्टीत झाडं आत्ता लावली तर दहा वर्षांत सावली होते. या कामात एकही जुनं झाड तुटू नये, ही मागणी वेगळी करायची गरज पडू नये.

सायकल कोण चालवतं, हेही सांगायला हवं. निर्णय घेणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर रविवारी सकाळी हेल्मेट घालून सुपर कॉरिडॉरवर जाणारी मंडळी असतात. त्यांचं मी स्वागतच करतो. पण 2011 च्या जनगणनेत देशातल्या कामावर जाणाऱ्या लोकांपैकी सुमारे 13 टक्के सायकलने जात होते, आणि ते रविवारचे सायकलस्वार नव्हते. सांवेर रोडच्या कारखान्यांत शिफ्टला जाणारा कामगार, घरोघरी पेपर टाकणारा मुलगा, सियागंजातला हमाल, इस्त्रीवाला, शाळेची मुलं. गावाबाहेरच्या शाळांत जाणाऱ्या मुलामुलींना राज्य सरकार सायकल फुकट देतं, ही फार चांगली योजना आहे. ती सायकल घेऊन मूल मोठ्या रस्त्याला लागलं की मात्र त्याची जबाबदारी कोणाकडेच नसते. एकेकाळी हुकुमचंद मिल आणि मालवा मिलचा भोंगा वाजला की रस्ते सायकलींनी भरून जायचे. आमच्या रामबागेतल्या, लोकमान्यनगरातल्या कित्येक घरांचे कर्ते पुरुष असेच कामावर गेले. रस्ते तेव्हा अरुंद होते, पण वेग कमी होता.

कायदा आणि नियम याच बाजूचे आहेत, हे आपण जाणताच. इंडियन रोड्स काँग्रेसने सायकल ट्रॅकच्या आखणीसाठी आयआरसी 11 ही शिफारस 1962 मध्येच काढली आणि 2015 मध्ये सुधारली. 2006 च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणाने रस्त्याची जागा वाहनांपेक्षा माणसांचा विचार करून वाटा, असं सांगितलं. 2019 मध्ये मोटार वाहन कायद्यात कलम 198-अ आलं: रस्त्याची रचना किंवा देखभाल ठरलेल्या सुरक्षा मानकांप्रमाणे नसेल आणि त्यामुळे कोणाचा जीव गेला किंवा कोणी अपंग झालं, तर संबंधित अधिकारी, सल्लागार, ठेकेदार यांना एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. मला कोणाला कोर्टात खेचायचं नाही. पण 2022 या एका वर्षात देशात 1,68,491 माणसं रस्त्यावर मेली, आणि त्या वर्षी अपघातांच्या संख्येत मध्य प्रदेश देशात दुसरा होता. अशा राज्यातल्या सगळ्यात मोठ्या शहरात आराखडा काढणाऱ्याचा हात थोडा जास्त जपून चालायला हवा. यात मी स्वतःलाही धरतो.

1918 मध्ये स्कॉटिश नगररचनाकार पॅट्रिक गेडीस यांनी होळकर दरबाराला इंदूरच्या नगररचनेचा अहवाल दिला. जुन्या वस्त्यांत आधी पायी हिंडायचं, तिथली माणसं कशी वावरतात ते पाहायचं आणि मग कमीत कमी मोडतोड करून दुरुस्ती सुचवायची, ही त्यांची रीत होती. तीच रीत ए. बी. रोडला लावा, अशी माझी विनंती आहे. आराखड्यावर सही होण्याआधी सल्लागार कंपनीचा अभियंता, निगमाचा अभियंता आणि वाहतूक पोलिसांचा एक अधिकारी यांनी एका कामाच्या दिवशी सकाळी नऊ वाजता विजयनगरहून भंवरकुआंपर्यंत साध्या सायकलने जावं. गियरची, महागडी सायकल नको. पेपरवाल्याकडे असते तसली. वाटेत जिथे खाली उतरावंसं वाटेल, ती जागा नकाशावर लाल करावी. माझ्या मते तो नकाशाच आराखड्याचा पाया असेल.

हिंदीतली प्रत निगमात दिली आहे. मराठीत लिहिलं ते सुदामानगर, लोकमान्यनगर, रामबाग, स्नेहलतागंज इथल्या आपल्या माणसांसाठी, ज्यांतले बरेच जण याच खात्यांतून निवृत्त झालेले अभियंते आहेत. आपल्यापैकी ज्यांना ड्रॉइंग वाचता येतं, त्यांनी या कामात वेळ द्यावा.

निगमाकडे शेवटची मागणी एवढीच: सहाही चौराह्यांचे तपशीलवार आराखडे, मापांसह, टेंडर निघण्याच्या एक महिना आधी झोन कार्यालयांत लावा आणि लोकांकडून लेखी हरकती घ्या. नुसतं रंगीत त्रिमितीय चित्र लावू नका; त्यात कर्बची उंची आणि कोपऱ्याची त्रिज्या दिसत नाही. आराखडे लागले की मी स्केलपट्टी घेऊन येईन, चूक दिसली तर तिथल्या तिथे दुरुस्तीचं रेखाटन करून देईन, त्याचा एक पैसाही घेणार नाही.

आपला विश्वासू,
सुदामानगरातला एक ड्राफ्ट्समन
इंदूर